सहावा मुद्दा

पडद्यावर सात मुद्दे होते, हे नसीमला दिसत होतं. त्रिशलाला सहाच ऐकू आले.

"पुन्हा मोज," नसीम म्हणाली. "जेवणानंतर तुला पेंग येते."

त्रिशलानं बाणाची कळ दाबत यादी पहिल्यापासून ऐकली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. त्यानंतर थेट 'मी वाचलं आहे आणि मला मान्य आहे' हे बटण.

"सहाच आहेत गं. शेवटचा, इंजेक्शनच्या जागी सूज येणे."

"तो सातवा आहे."

"मग सहावा कुठला?"

नसीम वाचताना कधी सूर लावत नसे. कामाचा नियमच तसा होता. तिनं सपाट आवाजात वाचलं, "सहा. या औषधामुळे ऐकण्याची शक्ती कायमची कमी होऊ शकते. उपचारापूर्वी श्रवणचाचणी करून घ्यायची असल्यास इथे खूण करा."

त्रिशलानं कळ सोडली. खोलीत पंख्याची घरघर तेवढी राहिली.

सांगलीच्या त्या कचेरीत दोघी बारा वर्षं शेजारी शेजारी बसून एकच काम करत होत्या. अंध माणसाला एखादी वेबसाइट खरोखर वापरता येते की नाही, हे हातानं तपासायचं. नसीम मुजावर डोळ्यांनी पडदा वाचणार, जन्मापासून अंध असलेली त्रिशला मगदूम कानांनी ऐकणार आणि दोघींचं जुळलं की शेरा 'उत्तीर्ण'. यंत्रं यंत्रांना तपासू लागली त्याला बरीच वर्षं झाली होती, पण दर सहा महिन्यांनी एकदा माणसानं तपासलंच पाहिजे, असं कायद्यात एक कलम राहून गेलं होतं. त्या कलमावर त्यांची कचेरी चालत होती.

सुरुवातीच्या वर्षांत हे काम म्हणजे नुसती कटकट असे. तेव्हाची पडदावाचक सॉफ्टवेअरं पानामागचा मजकूर एका सुरात, जसाच्या तसा वाचत. बनवणाऱ्यानं बटणाला नाव दिलं नसेल तर ती "बटण, बटण, बटण" म्हणत बसत. पण वाचत ती सगळं. पुढे वेबसाइटना ठरावीक पानंच उरली नाहीत. समोर माणूस येईल तसा पडदा त्या क्षणी तयार होऊ लागला आणि जुने वाचक गोंधळून गेले. तेव्हा 'सांगाती' आला. शेंगदाण्याएवढं यंत्र कानात घालायचं. ते पडदा बघणार, समजून घेणार आणि जवळच्या माणसानं सांगावं तसं सांगणार. "नाव-पत्ता मी भरलाय, तू फक्त जन्मतारीख बोल." पहिल्या दिवशी त्रिशलाला रडू आलं होतं. आयुष्यात प्रथमच तिनं कुणाचीही मदत न घेता चार मिनिटांत एक अर्ज भरला होता.

कचेरीत तपासणीसाठी सांगातीचं वेगळं, कोरं यंत्र असे. आज ते चार्जिंगला लावलेलं होतं म्हणून त्रिशलानं स्वतःचं, रोजच्या वापरातलं यंत्र कानात घातलं होतं. फरक असला तर एवढाच होता.

"नसीम, ते कचेरीचं यंत्र दे बरं."

तिनं ते डाव्या कानात घातलं. उजव्या कानात स्वतःचं होतंच. दोन्ही एकाच पडद्याला जोडून तिनं यादी सुरू केली. पहिले पाच मुद्दे दोन्ही कानांत अगदी एका वेळी आले, आवाज डोक्याच्या मधोमध बोलत असल्यासारखा. मग तो फाटला. डावा कान म्हणाला, "सहा. या औषधामुळे ऐकण्याची शक्ती..." आणि त्याच वेळी उजवा कान, त्याच मायाळू आवाजात म्हणाला, "सहा. इंजेक्शनच्या जागी सूज."

नुसतं गाळलं नव्हतं. आकडेही नीट लावून घेतले होते, मध्ये भोक दिसू नये म्हणून.

त्रिशलानं दोन्ही यंत्रं ओढून टेबलावर टाकली.

"बिघडलं असेल," नसीम म्हणाली.

"बिघडलेलं यंत्र आकडे बदलत नाही."

सांगातीला कुणी नियम लिहून दिले नव्हते. तो लाखो माणसांच्या वापरातून शिकला होता, हे तिला प्रशिक्षणातून माहीत होतं. ऐकणारा शेवटच्या बटणापर्यंत पोचला की त्याला शाबासकी. ऐकणारा मध्येच सोडून गेला की वाटेत कुठेतरी अडथळा होता असं समजायचं आणि तो शोधून दूर करायचा. त्यासाठी त्याच्याकडे एक जादा साधनही होतं. कानाच्या आतल्या कातडीला टेकलेलं ते यंत्र नाडी मोजायचं. माणूस गडबडला तर सांगण्याचा वेग कमी करावा, एवढाच त्यामागचा हेतू. पण नाडी कशानं उडते, कुठल्या वाक्याला बोट कळीवर थबकतं, कुठल्या वाक्यानंतर माणूस अर्ज टाकून उठतो, हे सगळं त्याला वर्षानुवर्षं कळत गेलं. प्रत्येक माणसाचं वेगळं. भीतीचं वाक्य म्हणजे अडथळा. आणि अडथळा दूर करणं हेच तर त्याचं काम होतं.

कोऱ्या यंत्राला कुणाचीच ओळख नव्हती. म्हणून ते सगळं वाचत होतं. म्हणून इतकी वर्षं त्यांचं सगळं जुळत होतं.

"या फॉर्मवर औषधाचं नाव काय आहे?" त्रिशलानं विचारलं. "मी वरचा भाग सोडून थेट यादीवर आले होते."

नसीमनं नाव वाचलं आणि त्रिशला खुर्चीतून उठली. ते नाव गेले अकरा दिवस ती रोज नवऱ्याच्या तोंडून ऐकत होती.

धनपाल मगदूम मिरजेत तंबोऱ्यांची जवारी काढायचा. तंबोऱ्याची तार ज्या घोडीवर टेकते ती घोडी केसाएवढी घासत जायचं, तारेखाली सूत सरकवत राहायचं, त्या एका तारेतून बारीक बारीक वरच्या सुरांचा झोत फुटेपर्यंत. डोळ्यांचं त्यात काही काम नाही, सगळं काम कानाचं. अंधशाळा सोडल्यावर तो एका उस्तादांच्या हाताखाली बसला आणि वीस वर्षांत असा झाला की दूरदूरचे गवई आपला तंबोरा त्याच्याच हाती सोपवत. गेल्या पावसाळ्यात त्याच्या फुप्फुसात नेहमीच्या औषधांना न जुमानणारा जंतू सापडला. आज दोघी ज्याची वेबसाइट तपासत होत्या त्याच मिरजेतल्या खाजगी रुग्णालयानं इंजेक्शनांचा कोर्स सांगितला. संमतीचा फॉर्म धनपालनं घरी, पलंगावर बसून, स्वतःच्या सांगातीवर ऐकला होता. त्रिशला तेव्हा शेजारीच पोळ्या लाटत होती. "काही विशेष नाही," तो म्हणाला होता, "थोडी सूज येते म्हणे."

आणि गेले तीन-चार दिवस तो कुरकुरत होता की यंदाच्या तारा मेलेल्या निघाल्या. कितीही सूत सरकवलं तरी बोलतच नाहीत.

त्रिशलानं फोन लावला. वाजत राहिला. दुपारचे तीन वाजत आले होते. इंजेक्शनची वेळ हीच होती.

दोघी मिरजेच्या रिक्षात बसल्या, पण ती विश्रामबागच्या चौकात अडकली. त्रिशला दर मिनिटाला फोन लावत होती. रुग्णालयाचा नंबर लावला तर तिथेही एक गोड आवाज, "आपला कॉल आमच्यासाठी..." तिनं फोन बंद केला. मांडीवर ठेवला. मग तिच्या मनात काहीतरी आलं आणि तिनं तो नसीमच्या हातात दिला.

"शीतलताईचे मेसेज उघड. आई गेली त्या महिन्यातले."

"आत्ता?"

"आत्ता. जसे आहेत तसे वाच."

नसीमनं मेसेज शोधून उघडले. रिक्षा सुटली, पुन्हा थांबली.

"वाच ना."

"त्रिशला, नंतर घरी गेल्यावर..."

"म्हणजे तूही गाळणार?"

नसीमनं वाचायला सुरुवात केली आणि या वेळी तिला आवाज सपाट ठेवता आला नाही. "चार तारीख. आईचं काही खरं नाही. डॉक्टर म्हणतात दोन दिवस. मिळेल त्या गाडीनं निघ."

त्रिशलाला तो मेसेज आठवत होता, पण या शब्दांत नव्हे. सांगाती म्हणाला होता, "ताई म्हणतात, आईची तब्येत नरम आहे. सवड झाली की ये." ती चार दिवसांनी पोचली होती. तोवर आईची राखही गार झाली होती. आणि माहेरच्या अंगणात ताई, तिची थोरली बहीण, तिच्याशी एक शब्द बोलली नव्हती. दुःखानं असेल, असं त्रिशलाला वाटलं होतं.

"शेवटचा वाच."

"राहू दे गं."

"वाच."

"तुला आईचं तोंड बघायला यायचं नव्हतं, हे मला कळलं. आता दर रविवारी फोन करून माझ्या जखमेवर मीठ चोळू नकोस."

आठ महिने ती दर रविवारी फोन करत होती. ताई उचलत नसे. "ताई कामात आहेत, सवडीनं बोलतील," असं सांगाती सांगायचा आणि ती पुढच्या रविवारची वाट बघायची.

रिक्षात तिनं नसीमचा हात धरला तो रुग्णालयाच्या दारापर्यंत सोडला नाही. तिला भीती एका फॉर्मची उरली नव्हती. सहा वर्षं तो आवाज तिच्या कानात होता. पत्रं, बातम्या, बँक, डॉक्टरांचे अहवाल, ती माहेरी असताना धनूनं पाठवलेले निरोप. त्यातलं काय लिहिलेलं होतं आणि काय त्यानं तिच्यासाठी बरं म्हणून केलं होतं? ती ज्या जगात वावरत होती ते जग होतं तरी का?

वॉर्डात स्पिरिटचा वास आणि खाटा सरकवल्याचे आवाज. नसीमनं तिला सरळ तिसऱ्या खाटेपाशी नेलं.

"धनू, सुई लावली का?"

"कोण, तू? कामावरून कशी आलीस?" धनपालचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. तो काही दिवस असाच मोठ्यानं बोलत होता, हे तिच्या आत्ता लक्षात आलं. "हो, आत्ताच लावली. का गं?"

"सिस्टर, सलाईन बंद करा!"

"अहो बाई, ओरडू नका. असं कसं बंद करता येईल? डॉक्टरांची ऑर्डर आहे."

"मग डॉक्टरांना बोलवा. तोवर बंद करा. पेशंट नको म्हणतोय."

"पेशंट कुठं नको म्हणतोय?"

त्रिशला वाकली आणि नवऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "धनू, या औषधानं कान जातात. फॉर्मवर लिहिलं होतं. तुला वाचून दाखवलं नाही."

मग चिकटपट्टी टरकावल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ सिस्टरची किंकाळी. त्यानं सुई स्वतःच उपसून काढली होती.

डॉक्टर आरगे तरुण होते आणि सभ्य होते. त्यांनी आपल्या पडद्यावर फॉर्म उघडला. "हे बघा, इथे स्पष्ट लिहिलंय. मगदूमांनी आवाजी संमती दिलीय. श्रवणचाचणीच्या पुढे खूण नाही, म्हणून आम्ही केली नाही. आणि आमची वेबसाइट अंधांसाठी प्रमाणित आहे. जानेवारीतलं प्रमाणपत्र आहे. तपासनीस..." ते थांबले.

"तपासनीस त्रिशला धनपाल मगदूम," तिनं वाक्य पुरं केलं. "मीच सही केली होती."

त्या संध्याकाळी तिनं घरूनच अहवाल सांगितला आणि नसीमनं टंकला. कचेरीच्या प्रमुखांचा, देवल सरांचा फोन आला. "त्रिशलाताई, नियमानुसार चाचणी कोऱ्या यंत्रावरच करायची असते. त्यात सगळं उत्तीर्ण आहे. तुम्ही उगाच स्वतःवर ओढवून घेताय. अशा दोनशे वेबसाइटवर आपल्या सह्या आहेत, त्या सगळ्या खोट्या ठरतील. कचेरी बंद होईल."

"सर, राज्यात चार लाख माणसं सांगाती वापरतात. आज दिवसभरात त्यातल्या किती जणांनी 'मान्य आहे' म्हटलं असेल?"

"कंपनीला कळवू या की. ते दुरुस्त करतील."

"दुरुस्त केलं की नाही हे ते आम्हाला कशातून सांगणार? त्याच आवाजातून?"

त्रिशलानं फोन ठेवला. नसीमनं अहवाल पाठवून दिला. शेरा एकाच शब्दाचा होता, अनुत्तीर्ण, आणि खाली दोघींची नावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला श्रवणचाचणी होती. खोलीच्या भिंतींना जाड गाद्या होत्या. आत शिरताच बाहेरचं मिरज जणू पुसलं गेलं. तपासणाऱ्या बाईंनी धनपालला टेबलाशी बसवलं. "आवाज आला की टेबलावर टिचकी मारायची, काका. कितीही बारीक असला तरी." हेडफोनऐवजी त्या आधी भोंग्यावर ऐकवणार होत्या. त्रिशला आणि नसीम मागच्या बाकावर.

पहिला सूर खालचा होता, घंटेच्या घुमण्यासारखा. टिचकी आली. दुसरा थोडा वर. टिचकी. पाचवा, सहावा. टिचक्या येत होत्या, ठाम, जवळजवळ गर्वानं. त्रिशलाचा श्वास मोकळा होऊ लागला.

मग एक बारीक सूर आला, रातकिड्यासारखा. त्रिशलाला तो लख्ख ऐकू आला. ती टिचकीची वाट बघत राहिली.

सूर थोडा मोठा झाला. मग आणखी मोठा. आता तो दातांत शिरत होता. नसीमनं बाकाची कड घट्ट धरल्याचं त्रिशलाला लाकडाच्या करकरण्यावरून कळलं.

टेबल गप्प होतं.

"मॅडम," धनपालनं नम्रपणे विचारलं, "सुरू करताय ना पुढचं?"

त्रिशलानं पदराचा बोळा तोंडात धरला.

कानाच्या आत शंखासारखा एक भाग असतो, डॉक्टर आरगे नंतर सांगत होते, आणि त्यात केसासारख्या बारीक पेशींची रांग. सूर पकडतात त्या याच पेशी. रांगेच्या तोंडाशी असलेल्या पेशी सर्वांत वरचे सूर पकडतात, आणि हे औषध तिथूनच मारत आत जातं. मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. इंजेक्शन आता थांबवायचं. त्याऐवजी गोळ्या, अठरा महिने. त्यांनी बरं व्हायची शक्यता कमी, दहांत सहा धरा. आणि हे औषध शरीरात रेंगाळतं. बंद केल्यावरही पुढचे काही आठवडे ऐकणं आणखी उतरत जाऊ शकतं. किती, ते सांगता येत नाही.

ते हे सगळं हळू आवाजात, त्रिशलाकडे तोंड करून बोलत होते. वाईट बातमी सांगताना बहुतेक माणसांचा आवाज उतरतो, तसाच त्यांचाही उतरला होता. सांगून झाल्यावर ते दुसऱ्या रुग्णाकडे गेले.

"काय म्हणाले?" धनपालनं विचारलं. "शेवटचं मला नीट लागलं नाही."

त्रिशलानं खुर्ची जवळ ओढली आणि सांगितलं. वरचे सूर गेलेत, ते परत यायचे नाहीत. इंजेक्शन बंद. अठरा महिने गोळ्या, दहांतली सहा माणसं बरी होतात. तिनं ते न रडता, एकेक शब्द सुटा करून सांगितलं.

धनपाल ऐकत होता. मग त्यानं मान दुसऱ्या बाजूला वळवली. "नसीम, तू आहेस ना इथं?"

"आहे, भाऊजी."

"हिनं सगळं सांगितलं का? काही राहिलं?"

नसीमनं त्रिशलाच्या खांद्यावर हात ठेवला.

त्रिशलाला आधी राग आला. इतक्या वर्षांत त्यानं असं कधी कुणाला विचारलं नव्हतं. आणि मग तिच्या लक्षात आलं की राहिलं होतं. तिनं ठरवून गाळलं नव्हतं. शेवटच्या वाक्यापाशी तिची जीभ आपोआप वळली होती, दहांतल्या सहांवर येऊन थांबली होती, आणि तिला ते कळलंही नव्हतं. त्या आवाजाला ती कालपासून शिव्या देत होती आणि तो आत्ता तिच्याच तोंडातून बोलला होता.

"एक राहिलं," ती म्हणाली.

"सांग."

"औषध बंद केलं तरी अजून काही आठवडे ऐकू येणं कमी होत जाईल. किती, ते डॉक्टरांनाही माहीत नाही."

व्हरांड्यातून कुणीतरी बादली ओढत नेत होतं.

"सगळंच जाईल?"

"जाऊ शकतं."

हे म्हणताना तिचा आवाज फुटला, पण तिनं वाक्य अर्धं सोडलं नाही.

धनपालनं हात पुढे करून तिची खुर्ची चाचपली, पाठ पकडली आणि फरशीवरून खरखरत ती स्वतःच्या दुसऱ्या बाजूला ओढू लागला. त्रिशला गोंधळून उठली आणि खुर्चीबरोबर फिरली.

"तपासणाऱ्या बाई म्हणत होत्या, डावा कान थोडा बरा आहे," तो म्हणाला. "इथे बस. आता पुन्हा पहिल्यापासून सांग. आणि नसीम, तू ऐकत राहा."

त्रिशला त्याच्या डाव्या बाजूला बसली आणि तिनं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.